कान-नाक टोचल्यानंतरची खाज

कान, नाक किंवा शरीराचा अन्य भाग दागिन्यासाठी टोचल्यानंतर त्या छिद्राभोवती जी कंड सुटते, तिला सामान्यतः टोचल्यानंतरची खाज असे म्हणतात. बहुतेक वेळा ती जखम भरून येत असल्याची खूण असते आणि काही आठवड्यांत आपोआप थांबते. मात्र दागिन्यातील धातू न मानवणे, लावलेल्या मलमाची बाधा होणे, जंतुसंसर्ग किंवा वाढता वण यांचेही हे लक्षण असू शकते. म्हणून खाज किती तीव्र आहे यापेक्षा ती केव्हा सुरू झाली, तिच्यासोबत आणखी काय दिसते आणि ती दिवसेंदिवस ओसरते की वाढते, या तीन गोष्टींना अधिक महत्त्व आहे.

महाराष्ट्रात कान टोचणे हा बालपणीचा एक संस्कार असल्यामुळे ही खाज घरोघरी परिचित आहे. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांत सोनाराकडून कान टोचून घेण्याची जुनी रीत आणि शहरांतील ब्युटी पार्लरमध्ये यंत्राने कान-नाक टोचण्याची नवी पद्धत, अशा दोन्ही शेजारीशेजारी चालतात. तेथील कडक उन्हाळा, खारे पाणी आणि खोट्या दागिन्यांची मोठी बाजारपेठ यांचाही या खाजेशी संबंध येतो.

शब्द आणि संज्ञा

मराठीतील 'कंड' हा शब्द संस्कृत 'कण्डू' या शब्दापासून, तर 'खाज' हा शब्द 'खर्जू' या शब्दापासून आला आहे. टोचलेल्या जागेची स्थिती सांगण्यासाठी मराठीत अनेक नेमके शब्द आहेत. जखमेतून पाझरणाऱ्या स्वच्छ, किंचित पिवळसर व चिकट द्रवाला 'लस' म्हणतात. ती वाळली की 'खपली' धरते. दाट, पांढरट-पिवळा वा हिरवट आणि बहुधा दुर्गंधी असलेला द्रव म्हणजे 'पू'. जखम बरी होण्याऐवजी पसरू लागली की ती 'चिघळली' असे म्हणतात आणि तिच्यात पू झाला की ती 'पिकली' असे म्हणतात. लस आणि पू यांतील फरक ध्यानात असणे हे खाजेचे कारण ओळखण्याचे पहिले साधन आहे, कारण लस हा जखम भरण्याचा स्वाभाविक भाग आहे, पू मात्र संसर्गाचे लक्षण आहे.

पार्श्वभूमी

हिंदू परंपरेतील सोळा संस्कारांत कर्णवेधाची गणना होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कान टोचण्याचा विधी सांगितला आहे. बालकाच्या सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, मुलाचा आधी उजवा व मुलीचा आधी डावा कान टोचावा. कानाची पाळी उजेडात धरून जेथून सूर्यकिरण पार दिसतो त्या नैसर्गिक जागी सुई घालावी. नंतर कापसाची वात घालून तेल लावावे आणि दर तीन दिवसांनी थोडी जाड वात घालत जावे, असा त्याचा आशय आहे. चुकीच्या जागी टोचल्यास ज्वर, सूज व वेदना होतात, असेही तेथे म्हटले आहे.

या अध्यायातील उपद्रवांविषयीचा भाग विशेष लक्षणीय आहे. सदोष सुई, प्रमाणाबाहेर जाड वात किंवा अयोग्य ठिकाणी केलेला वेध यांमुळे दाह व वेदना झाल्यास वात तत्काळ काढून टाकावी. ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, जव व तीळ यांचा मध-तुपातील लेप लावावा आणि जखम पूर्ण भरल्यावरच पुन्हा टोचावे, असा निर्देश तेथे आहे. छिद्रात घातलेली वस्तू हीच त्रासाचे मूळ असू शकते, ही जाणीव त्यातून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात बाराव्या दिवशी, बारशाच्या सुमारास किंवा पुढे पहिल्या वर्षात कान टोचण्याचा प्रघात आहे. 'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण ज्याचे काम त्याने करावे या अर्थाने रूढ झाली. तिच्यामागे सोनाराचा हात हलका असतो, हा अनुभव आहे. कानाच्या पाळीत कुडी, बाळी, डूल. कानाच्या वरच्या कडेला बुगडी. पुरुषांच्या उजव्या कानाच्या वरच्या भागात भिकबाळी. आणि स्त्रियांच्या डाव्या नाकपुडीत नथ, चमकी किंवा फुली असे दागिने घातले जातात. जखम भरण्याच्या दृष्टीने या जागा सारख्या नाहीत. पाळी मऊ व रक्तपुरवठ्याने समृद्ध असते, तर बुगडी व भिकबाळी यांची छिद्रे कूर्चेतून जातात.

वऱ्हाडातील प्रथा

वऱ्हाडात सोनार बारीक, टोकदार केलेली सोन्याची तार पाळीतून आरपार काढून तिलाच पीळ देतो व बाळी तयार करतो. या पद्धतीत टोचण्याचे साधन व दागिना एकच असतो. शुद्धतेच्या जवळ जाणारे सोने त्वचेला सहसा बाधत नाही, आणि गोल तारेला मागे फिरकी किंवा दट्ट्या नसल्यामुळे मळ साचण्यास जागा कमी राहते. तिचे दोषही आहेत. तार निर्जंतुक केलेली असतेच असे नाही, आणि बाळी फार घट्ट पिळली गेल्यास सुजलेल्या पाळीत ती रुतते.

सोन्याची ऐपत नसलेल्या घरांत भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची कोवळी काडी, फड्याची म्हणजे केरसुणीची काडी किंवा हळद लावलेला दोरा छिद्रात ठेवण्याची चाल होती व काही ठिकाणी ती आजही आहे. वरून हळद आणि तेल लावले जाते. काडीचा पृष्ठभाग खरखरीत असतो, ती ओलावा शोषते आणि तिचे सूक्ष्म तुसे जखमेत राहू शकतात. दोराही लस शोषून कडक होतो. त्यामुळे या वस्तूंनी खाज वाढते आणि संसर्गाचा संभवही वाढतो.

पूर्वी ज्या घरात मुले जगत नसत तेथे नवसाने झालेल्या मुलाचे नाक टोचून त्याचे नाव नथू किंवा नथ्थू ठेवण्याची रीत होती. जुन्या पिढीतील या नावांच्या रूपाने तिची आठवण टिकून आहे.

अलीकडे शहरांत स्प्रिंगच्या यंत्राने, ज्याला सर्रास 'गन' म्हणतात, कान टोचले जातात. या यंत्रातून बोथट खुंटी दाबाने पाळीतून पार केली जाते. मऊ पाळीत ते बहुधा निभावते. परंतु कूर्चेत त्याचा वापर केल्यास ऊती चिरडल्या जातात. यंत्राचा प्लॅस्टिकचा भाग दाबाच्या वाफेने निर्जंतुक करता येत नाही, ही त्याची आणखी एक मर्यादा आहे.

जखम भरण्याची प्रक्रिया

टोचलेले छिद्र ही एक जखमच असते. फरक इतकाच, की तिच्यात परकी वस्तू कायम ठेवून ती भरू द्यायची असते. शरीर ही जखम बुजवत नाही, तर दागिन्याभोवती त्वचेची एक नळी तयार करते. ही नळी दोन्ही तोंडांकडून आत वाढत जाऊन मध्ये जुळते. म्हणून बाहेरून जागा बरी दिसत असली तरी आतील भाग कच्चा असू शकतो.

पहिले काही दिवस लाली, किंचित सूज, ऊब आणि दुखरेपणा असतो. त्यानंतर नव्या पेशी, नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि कोलॅजन नावाचे तंतू तयार होऊ लागतात. शेवटच्या टप्प्यात हे तंतू पक्के होत जातात. खाज बहुधा मधल्या टप्प्यात, म्हणजे दुखणे कमी झाल्यानंतर जाणवू लागते.

जागेनुसार लागणारा काळ वेगवेगळा असतो. कानाच्या पाळीला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. नाकपुडीला कित्येक महिने, कानाच्या वरच्या कूर्चेला बहुधा ६ ते १२ महिने आणि बेंबीलाही ६ ते १२ महिने लागू शकतात. मधुमेह, कुपोषण किंवा धूम्रपान असल्यास हा काळ वाढतो.

खाज येण्याची कारणे

भरून येणारी जखम : जखमेजवळील मास्ट पेशींतून हिस्टामिन व अन्य रसायने बाहेर पडतात. ती त्वचेतील अतिसूक्ष्म चेतातंतूंना उद्दीपित करतात आणि मेंदूला खाजेची जाणीव होते. वाढणाऱ्या नव्या त्वचेचा ताण आणि पुन्हा जुळणारे चेतातंतू यांचाही त्यात वाटा असतो. ही खाज सौम्य, मधूनमधून येणारी आणि छिद्राच्या अगदी काठापुरती असते.

खपली आणि कोरडेपणा : वाळलेली लस दागिन्याला चिकटून राहते व हालचालीबरोबर त्वचा ओढते. वारंवार साबण, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावल्याने त्वचा कोरडी पडते व कंड वाढते.

घाम, धूळ आणि घर्षण : अमरावती व अकोला येथे मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उन्हापासून बचावासाठी मुली व स्त्रिया चेहऱ्याभोवती दुपट्टा घट्ट गुंडाळतात. त्याखाली घाम साचतो आणि कापडाचा धागा चमकीत किंवा बाळीत अडकतो. हेल्मेटचा पट्टा, इअरफोन आणि कानाशी दाबून धरलेला मोबाइल यांमुळेही असेच घर्षण होते.

धातूची बाधा : निकेल या धातूची ॲलर्जी हे दीर्घकाळ टिकणाऱ्या खाजेचे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. तिचे विवेचन पुढे स्वतंत्रपणे केले आहे.

लेप व मलमांची बाधा : जखमेवर लावलेले औषधच कधी खाजेला कारण होते. निओमायसिन हे प्रतिजैविक असलेली मलमे स्पर्शजन्य ॲलर्जीसाठी ज्ञात आहेत. हळद, सुगंधी तेले, केसांचा कलप आणि सुवासिक साबण यांमुळेही काहींना पुरळ येते. अशा वेळी खाज केवळ छिद्राशी न राहता जेथे जेथे तो पदार्थ लागला तेथे पसरते.

संसर्ग : जंतुसंसर्गात दुखणे हे मुख्य लक्षण असते. खाज असलीच तर ती ठणका, वाढती सूज आणि पू यांच्या जोडीने असते.

वण : काही व्यक्तींत छिद्राजवळ टणक गाठ वाढू लागते व ती खाजते.

निकेलची ॲलर्जी

निकेल हा स्वस्त, चकचकीत व कठीण धातू असल्यामुळे खोट्या दागिन्यांच्या मिश्रधातूंत त्याचा मोठा वापर होतो. सोन्याचा मुलामा देण्यापूर्वी खाली निकेलचा थर चढवण्याचीही पद्धत आहे. यात्रा व आठवडी बाजारांतील मनिहारी दुकानांत मिळणारे, बोलीभाषेत 'बेंटेक्सचे' किंवा 'गिलेटचे' म्हटले जाणारे दागिने या प्रकारात येऊ शकतात. 'जर्मन सिल्व्हर' या नावाने विकल्या जाणाऱ्या धातूत चांदी मुळीच नसते. तो तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू असतो.

घामातील आणि लसीतील क्षारांमुळे निकेलचे सूक्ष्म अंश विरघळतात. अखंड त्वचा त्यांना काही प्रमाणात अडवते. ताज्या छिद्रात मात्र असा अडसर नसतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा या अंशांना परके मानून त्यांची ओळख लक्षात ठेवते. या प्रक्रियेला संवेदीकरण म्हणतात. ते एकदा झाले की बहुधा आयुष्यभर टिकते. त्यानंतर निकेलचा संपर्क आला की साधारण १ ते ३ दिवसांत त्या जागी कंड, लाली, बारीक पुटकुळ्या, पाझर आणि पुढे जाड व खवलेदार त्वचा दिसते.

पहिला दागिना कोणत्या धातूचा असावा या प्रश्नाला म्हणूनच महत्त्व आहे. स्वस्तातील कर्णफुलाने कानाला होणारा त्रास तात्पुरता असला, तरी त्यातून झालेले संवेदीकरण तात्पुरते नसते. अशा व्यक्तीला पुढे घड्याळाचा पट्टा, जीन्सचे धातूचे बटण, कमरपट्ट्याचे बक्कल, चष्म्याची दांडी यांनीही चट्टे उठतात. बेंबीखाली बटणाच्या जागी किंवा मनगटावर असा चट्टा पूर्वी आला असेल, तर कानाच्या खाजेमागे निकेल असल्याची शक्यता वाढते.

युरोपीय संघाने १९९४ मध्ये दागिन्यांतील निकेलवर निर्बंध आणणारा निर्देश काढला. सध्या तेथे टोचलेल्या छिद्रात घालण्याच्या वस्तूतून दर आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटणे बंधनकारक आहे. भारतात १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने अनिवार्य करण्यात आला. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. '९१६' या आकड्याचा अर्थ दागिन्यात हजारात ९१६ भाग सोने आहे, म्हणजे तो २२ कॅरटचा आहे. उरलेल्या भागात साधारणतः तांबे व चांदी असते. कमी कॅरटच्या, विशेषतः 'पांढऱ्या' सोन्यात निकेल असू शकते. शरीरात बसवण्याच्या दर्जाचे टायटॅनियम, तसेच नायोबियम हे धातू निकेलच्या दृष्टीने सुरक्षित मानले जातात. शस्त्रक्रियेच्या दर्जाच्या पोलादात निकेल असते, पण ते घट्ट बांधलेले असल्यामुळे फार कमी सुटते. तरीही ज्यांना आधीच ॲलर्जी आहे त्यांनी ते टाळणे श्रेयस्कर असते.

निदानासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच चाचणी करतात. पाठीवर निकेल सल्फेटयुक्त पट्टी चिकटवून ती ४८ तासांनी काढतात आणि तेव्हा व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचेचे निरीक्षण करतात. दागिन्यातून निकेल सुटते का, हे पाहण्यासाठी डायमिथिलग्लायॉक्झाइम या रसायनाची चाचणी असते. तिच्यात निकेल असल्यास कापसावर गुलाबी रंग उमटतो.

खाजेचा प्रकार ओळखणे

भरणाऱ्या जखमेची खाज पहिल्या काही दिवसांनंतर सुरू होते. तिच्यासोबत थोडी लस व खपली असते, पण दुखणे कमी होत जाते. आजच्यापेक्षा पुढच्या आठवड्यात ती कमी असते.

धातूची खाज दागिना घातल्यावर किंवा बदलल्यावर सुरू होते व दागिना काढल्यावर हळूहळू शमते. पूर्वी कधीही संवेदीकरण झालेले नसल्यास ती पहिल्या एक-दोन दिवसांत सहसा येत नाही. जखम बरी झाल्यासारखी वाटत असताना पुन्हा कंड सुटणे हे तिचे वैशिष्ट्य आहे. दोन्ही कानांत सारख्याच जागी पुरळ येणे हेही तिच्याकडे निर्देश करते.

मलमाची खाज मलम लावणे सुरू केल्यानंतर वाढते. 'औषध कमी पडते आहे' असे वाटून तेच मलम अधिक लावले जाते आणि त्रास आणखी वाढतो.

संसर्गात त्वचा गरम, तांबूस-जांभळी व तुकतुकीत होते, ठणका लागतो, पू येतो आणि कधी ताप भरतो किंवा कानामागे अवधाण येते. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे दुसऱ्या कानाशी तुलना करून ऊब व सूज पाहणे अधिक उपयोगी ठरते.

निगा

खाज आली तरी खाजवू नये, हा पहिला नियम आहे. नखाखाली स्टॅफिलोकोकससारखे जंतू असतात आणि ओरखड्यातून ते जखमेत शिरतात. शिवाय खाजवण्याने त्वचेत नव्याने दाह होतो व खाज वाढते. लहान मुलांची नखे कापलेली ठेवावीत.

जागेला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाइनने, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाने, जागा ओली करावी. औषधाच्या दुकानात ते सहज मिळते. फोडलेली बाटली अनेक दिवस वापरू नये. सलाइन उपलब्ध नसल्यास उकळून थंड केलेल्या एक कप पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ विरघळवून ताजे द्रावण करता येते. मीठ अधिक घातल्याने गुण अधिक येत नाही, उलट त्वचा कोरडी पडते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे खारे पाणी सलाइनला पर्याय नाही. त्यातील क्षारांचे प्रमाण व प्रकार निश्चित नसतात, ते निर्जंतुक नसते आणि ते वाळल्यावर त्वचेवर क्षारांचा थर राहतो.

खपली नखाने उचकटू नये. सलाइनने भिजून ती आपोआप सुटू द्यावी. पुसण्यासाठी स्वच्छ गॉज वापरावा. कापसाच्या बोळ्याचे धागे बाळीत किंवा फिरकीत अडकतात आणि ते स्वतःच खाजेला कारण होतात. नंतर जागा हलकेच टिपून कोरडी करावी. दागिना वारंवार फिरवण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही, कारण त्यामुळे आतली कोवळी त्वचा पुन्हा फाटते.

असह्य खाजेवर स्वच्छ कापड थंड पाण्यात पिळून काही मिनिटे जागेजवळ धरावे. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. हिस्टामिनविरोधी गोळीने काहींना आराम पडतो. परंतु तिने झोप येऊ शकते आणि बालके, गरोदर स्त्रिया व अन्य औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी. उशीची खोळ वरचेवर बदलणे, केसांचे तेल व कलप जागेपासून दूर ठेवणे आणि जखम भरेपर्यंत नदी-तलावात किंवा जलतरण तलावात न पोहणे हेही उपयुक्त असते.

घरगुती उपायांविषयी

हळदीतील कर्क्युमिन या घटकाचे दाहशामक गुण प्रयोगशाळेत अभ्यासले गेले आहेत; तथापि स्वयंपाकघरातील हळद निर्जंतुक नसते, तिची भुकटी छिद्रात अडकते आणि तिच्या रंगामुळे त्वचेची लाली झाकली जाते. खोबरेल तेल बाहेरच्या कोरड्या त्वचेवर चालते, पण ओल्या जखमेवर त्याचा थर धूळ धरून ठेवतो. चुना, राख, टूथपेस्ट किंवा तंबाखू लावणे घातक आहे. औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेले स्टेरॉइडयुक्त मिश्र मलम खाज त्वरित थांबवते, पण संसर्ग असल्यास त्याची लक्षणे दडपून तो वाढू देते आणि जखम भरण्यास विलंब लावते.

गुंतागुंत

कूर्चेचा संसर्ग : कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण तिच्यावरील पातळ आवरणातून होते. या आवरणाखाली पू साचला की कूर्चेचे पोषण तुटते व ती नष्ट होऊ लागते. असा कान पुढे आक्रसून कायमचा विद्रूप होतो. सुडोमोनास एरुजिनोसा हा जंतू यास वारंवार कारणीभूत असतो, आणि नेहमीची अनेक प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत. कानाचा वरचा भाग लाल व सुजलेला आणि पाळी मात्र नेहमीसारखी, असे चित्र दिसल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाणे आवश्यक असते.

केलॉइड : जखमेच्या मर्यादेबाहेर वाढत जाणाऱ्या टणक, चकचकीत वणाला केलॉइड म्हणतात. टोचल्यानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षानेही, तो दिसू लागतो. गाठ दिसण्याआधी किंवा ती वाढत असताना तीव्र खाज येते. गडद वर्णाच्या व्यक्तींत आणि ज्यांच्या कुटुंबात असे वण आहेत त्यांच्यात तो अधिक आढळतो. अकराव्या वर्षानंतर कान टोचलेल्यांत त्याचे प्रमाण लहानपणी टोचलेल्यांपेक्षा अधिक असल्याचे निरीक्षण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नोंदले गेले. गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन, सिलिकॉनची पट्टी, दाब देणारे कर्णफूल आणि शस्त्रक्रिया हे उपचार आहेत. नुसती कापून काढल्यास गाठ पुन्हा, कधी पूर्वीपेक्षा मोठी, वाढते.

दागिना रुतणे : सुजेमुळे कर्णफुलाचा पुढचा किंवा मागचा भाग पाळीत शिरून त्वचेखाली झाकला जातो. घट्ट बसवलेल्या कर्णफुलांत व लहान मुलांत हे अधिक घडते.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा

खाजेबरोबर पू, ताप, ठणका किंवा वाढती सूज असल्यास. लाली छिद्रापासून दूर पसरत असल्यास. कूर्चेत दुखत असल्यास. दागिना रुतला असल्यास. छिद्राजवळ गाठ वाढत असल्यास. किंवा साधी निगा घेऊनही दोन आठवड्यांत खाज कमी न झाल्यास डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असणाऱ्यांनी इतकीही वाट पाहू नये. चेहरा वा ओठ सुजणे किंवा श्वास घेण्यास त्रास होणे ही आणीबाणीची लक्षणे आहेत.

संसर्गाची शंका असताना दागिना स्वतःहून काढावा की ठेवावा, हा निर्णय डॉक्टरांवर सोपवणे योग्य असते. छिद्र वरून बुजल्यास पू आत कोंडू शकतो. धातूची ॲलर्जी असल्यास मात्र तो दागिना काढणे किंवा बदलणे हाच मुख्य उपचार असतो. वऱ्हाडात अकोला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे २००२ मध्ये सुरू झाले, आणि अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, जे इर्विन रुग्णालय म्हणून ओळखले जाते, ही शासकीय उपचाराची प्रमुख ठिकाणे आहेत.

टोचण्यापूर्वीची दक्षता

टोचण्याची सुई किंवा तार प्रत्येकासाठी नवी व निर्जंतुक असावी. एकच साधन अनेकांसाठी वापरल्यास हिपॅटायटिस बी व सी यांचा प्रसार होऊ शकतो. टोचणाऱ्याने हात धुऊन नवे हातमोजे घालावेत. धनुर्वाताचे लसीकरण पूर्ण असावे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात धनुर्वाताचा समावेश असलेली लस बाळाला ६, १० व १४ आठवड्यांनी, त्यानंतर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान व ५ ते ६ वर्षांच्या वयात, तसेच टीडी लस १० व १६ व्या वर्षी दिली जाते. बाराव्या दिवशी कान टोचताना बाळाची ही लस सुरू झालेली नसते. त्यामुळे निदान पहिले डोस होईपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला जातो. सहाव्या-सातव्या महिन्यात कान टोचण्याचा परंपरेतील पर्याय या वेळापत्रकाशी जुळणारा आहे.

पहिला दागिना हलका, गुळगुळीत, सुजेला वाव देणारा आणि निकेलविरहित असावा. छिद्र पूर्ण भरेपर्यंत तो बदलू नये. लग्नसराईत जड झुमके घालण्याची घाई केल्यास कच्चे छिद्र ताणले जाते व पुढे पाळी ओघळते. उन्हाळ्यातील घाम आणि होळीचे रंग टाळून हिवाळ्याच्या आरंभी कान-नाक टोचल्यास वऱ्हाडच्या हवामानात जखमेची निगा राखणे सोपे जाते.